पायऱ्या कोण साफ करणार?

शिकुतिमी, ४ सप्टेंबर १९९४

प्रिय मामा,

फोनच केला असता. पण फोनवर तुला ऐकू येत नाही, नुसतं 'हो हो' करतोस, आणि मी इथून ओरडायला लागले की समोरची मादाम ग्रावेल पडदा सरकवून बघते. म्हणून पत्र.

कागद कारखाना बंद झाला हे तुला आईने कळवलंच असेल. रेनाल तिथली यंत्रं दुरुस्त करायचा आणि मी फोर्कलिफ्टवर कागदाची रिळं वाहायचे, त्यामुळे नवरा-बायको एकाच आठवड्यात घरी बसलो. उन्हाळा छपराला रंग दे, ब्लूबेरी तोड असं करत काढला. आता छपरही संपलं नि ब्लूबेरीही.

खरी बातमी पुढे आहे. तू पार पश्चिम किनाऱ्यावर लेकीकडे, सोलांजकडे राहायला गेलास तेव्हा तुझी बर्फ काढून द्यायची घरं फेर्नांला दिली होतीस ना? त्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरने बर्फाचं नावही काढू नकोस म्हणून सांगितलंय. तो परवा स्वतः आला आणि म्हणाला, "ओदिल, आर्मांची घरं तू घेतेस का? परक्याच्या हाती द्यायला जीव होत नाही." त्याची कॉफी संपायच्या आत मी हो म्हणून बसले.

आता घोडं अडलंय यंत्रापाशी. एक आहे जुना पण धडधाकट ट्रक, पुढे बर्फ ढकलायचं पातं लावलेला. दुसरा आहे ट्रॅक्टर, मागे बर्फ उडवायचा उलटा ब्लोअर लावलेला. पैशांत फार फरक नाही. दुकानदार नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दोन्ही थांबवून ठेवतो म्हणाला. तू बावीस हिवाळे लोकांच्या गॅरेजपुढच्या गाडीवाटांवरचा बर्फ उपसलास, तूच सांग काय घेऊ.

रेनालला वर उत्तरेला, फेर्माँच्या खाणीत काम मिळतंय. चार आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. सात नोव्हेंबरला हजर व्हायचं. जाईल बहुतेक. मी काही बोललेली नाही.

मामीला माझा नमस्कार.

तुझी भाची,
ओदिल


व्हिक्टोरिया, १५ सप्टेंबर १९९४

चि. ओदिलला आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी सोलांजची गाडी धूत होतो. आठवड्यातली तिसरी वेळ. इथे म्हाताऱ्याला दुसरं कामच नाही. इथले लोक फेब्रुवारीत फुलं मोजतात. बर्फ कधीतरी बोटभर पडतो, त्याला 'सुंदर' म्हणतात आणि शाळांना सुट्टी देतात. अशा देशात तुझं पत्र म्हणजे उपाशी माणसाला आपल्याकडच्या गुर्गानच्या शेंगांचं गरम सूप मिळाल्यासारखं झालं. दोनदा वाचलं. मामी म्हणाली, आता गाडी सोड, तिचा रंग निघेल.

ट्रॅक्टर घे.

कारण ऐक. ट्रक ढकलतो. ढकललेला बर्फ कुठेतरी जायला हवा. रस्त्यावर टाकलास तर नगरपालिका दंड करते, शेजाऱ्याकडे टाकलास तर शेजारी शिव्या देतो. डिसेंबरात ढकलशील, जानेवारीत ढकलशील, फेब्रुवारीत तूच उभारलेल्या भिंतीवर डोकं आपटशील. ब्लोअर ढकलत नाही, उडवतो. त्याच घराच्या हिरवळीवर, लांब. आणि उलटा ब्लोअर तर सोन्यासारखा. मागे मागे गॅरेजच्या दारापर्यंत जायचं, खाली टेकवायचा, आणि सरळ पुढे बघत बाहेर यायचं. वाट मोकळी. तीन मिनिटांत पुढचं घर.

आता लगेच काठ्या रोवून घे. जमीन गोठली की खुणेची काठी आत जात नाही, आणि काठी नसली की मोसिए लापोइन्तचं फुलझाडांचं कुंपण ब्लोअरच्या पोटात जातं. मी एकदा घातलंय. त्याने सहा वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं होतं, पैसे मात्र वेळेवर द्यायचा.

रेनाल खाणीत जातोय हे ऐकून बरं वाटलं की वाईट, ते मला ठरवता आलं नाही.

तुझा,
आर्मांमामा


शिकुतिमी, २४ सप्टेंबर १९९४

आदरणीय मामा,

मी रेनाल. मला पत्र लिहायची सवय नाही. थोडक्यात सांगतो.

ओदिलने तुम्हाला यंत्राबद्दल विचारलंय हे मला माहीत आहे. तुमचं उत्तर तिने मला वाचून दाखवलं. तुम्ही ट्रॅक्टर म्हणालात ते बरोबर आहे. आता त्यावरच ठाम राहा, एवढीच विनंती.

मी सात नोव्हेंबरपासून इथे नसेन. ट्रक जुना आहे, पातं उचलायची चेन निघाली की उणे तीस अंशात ती एकटी ट्रकखाली झोपणार. ते मला नको. एका माणसाला एकट्याने सांभाळता येईल असंच यंत्र पाहिजे. ब्लोअरमध्ये दगड गेला तर त्याचा मऊ बोल्ट मुद्दाम तुटतो आणि यंत्र वाचतं, तो बदलायला तिला शिकवून ठेवतो. बोल्ट डब्यात भरून केबिनमध्ये ठेवीन. पान्हा तिच्या हाताच्या मापाचा घेतलाय.

ती हे सगळं स्वतःच्या हिमतीवर करायला निघालीय. माझ्यावर विसंबायचं नाही असं तिने ठरवलेलं दिसतंय. कारखान्यातून घरी आलेल्या माणसावर विसंबून करायचं तरी काय? तिचं चुकत नाही.

मी लिहिलंय हे तिला सांगू नका. मामींना नमस्कार.

रेनाल


शिकुतिमी, २९ सप्टेंबर १९९४

प्रिय मामा,

काठ्या रोवल्या. मोसिए लापोइन्त कुंपणाजवळ हाताची घडी घालून उभा होता. मी आर्मांची भाची म्हटल्यावर म्हणाला, "म्हणूनच उभा आहे."

तुझं सगळं पटलं. तरीपण मामा, मी ट्रकचा विचार करतेय. रागावू नकोस, कारणं आहेत. एक म्हणजे ट्रकने रविवारी चर्चला जाता येतं. ट्रॅक्टरने गेलो तर फादर काय म्हणतील? दुसरं म्हणजे उन्हाळ्यात त्यात ब्लूबेरीच्या पेट्या आणता येतील. रंगही छान लाल आहे. तू हसशील, पण रोज बघायचं यंत्र जरा बरं दिसायला नको का?

शिवाय पायऱ्यांचं काय? तुझी अर्धी गिऱ्हाइकं म्हातारी आहेत. त्यांना वाट मोकळी हवी तशा दारापुढच्या पायऱ्याही हव्यात. ट्रॅक्टर चालवणारीने प्रत्येक घरी खाली उतरून फावडं घ्यायचं, पुन्हा चढायचं, मग पुढचं घर? पायऱ्या कोण साफ करणार? ट्रकमध्ये कसं, एकाने चालवायचं, दुसऱ्याने उतरून पायऱ्या करायच्या. निदान तशी सोय असते. म्हणजे दुसरं कुणी असलंच तर.

मादाम ग्रावेलचा तर जिनाच आहे, बाहेरचा, लोखंडी. तो कोण साफ करणार सांग.

रेनाल आजकाल गॅरेजमध्येच असतो. काय करतो कळत नाही. परवा ट्रॅक्टरची माहितीपत्रिका त्याच्यापुढे ठेवली, म्हटलं बघ. त्याने बघितली आणि म्हणाला, "चांगला आहे, तुला एकटीला जमेल." मग पत्रिका उचलून मी वाढायला घेतलं.

ओदिल


व्हिक्टोरिया, ९ ऑक्टोबर १९९४

चि. ओदिल,

चर्च! ब्लूबेरी! लाल रंग! अगं, तू बर्फ काढायला निघालीस की वरातीला? फादरला सांग, ट्रॅक्टरने आलेल्या भाविकाची जागा स्वर्गात पुढच्या रांगेत असते, कारण बाकीच्यांना चर्चपर्यंत वाट त्यानेच करून दिलेली असते.

माझं ऐक. एका माणसाचं यंत्र घे. त्यात कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. मनात आलं की निघालं, काम संपलं की परत. मी एकट्याने केलं, तूही करशील. पायऱ्यांचं म्हणशील तर उतर, चार फावडी मार, चढ. अंगात ऊब येते. चालवणाऱ्याने अधूनमधून उतरायलाच हवं, नाहीतर पाय लाकडाचे होतात.

एक जपायचं. थंडीत लोक गाडीचं इंजिन गरम राहावं म्हणून विजेची वायर लावून ठेवतात, आणि ती वाटेवर तशीच सोडतात. रात्रीतून बर्फाखाली जाते, दिसत नाही. ब्लोअरला वायर शेवयांसारखी आवडते. एकदा गुंडाळून घेतली की तासभर सुरीने कापत बसावं लागतं. आधीच प्रत्येक घरी सांगून ठेव.

तेव्हा ट्रॅक्टर. या विषयावर माझं हे शेवटचं.

आर्मांमामा

ता. क. मी फ्लोरांस मामी. तुझा मामा दाढी करतोय, तेवढ्यात लिहून घेते. तुझं पत्र मी परत वाचलं. पायऱ्या कोण साफ करणार हे तू फिरून फिरून विचारलंयस. सुरुवातीची सात वर्षं पायऱ्या मी साफ करत होते. ट्रकमध्ये लांब सीटवर त्याच्या शेजारी बसायचे, मांडीवर सँडविचची पिशवी, पायाशी फावडं. मग ट्रॅक्टर आला. त्यात सीट एकच. तुझ्या मामाला वाटलं, बायकोला विश्रांती दिली. मला हवी होती का, ते कुणी विचारलं नाही. त्यानंतर हिवाळ्यात मी त्याला फक्त झोपलेला बघितला.

पोरी, तू विचारतेयस ते यंत्राबद्दल नाही असं मला वाटतं. चूक असेन तर हे विसरून जा.


शिकुतिमी, १८ ऑक्टोबर १९९४

प्रिय मामी,

तू चूक नाहीस.

तुझा ता. क. मी बाथरूममध्ये दार लावून वाचला आणि नळ सोडून रडले. बाहेर येऊन रेनालला सांगितलं की कांदा चिरत होते. तो म्हणाला, बाथरूममध्ये? पण पुढे काही विचारलं नाही. तो हल्ली काही विचारतच नाही.

मामी, मला तो इथे हवाय. एवढंच आहे सगळं. चार आठवडे तिकडे आणि एक आठवडा इकडे, म्हणजे तो आठवडा कपडे धुण्यात आणि झोपण्यात जाणार. शेजारच्या गल्लीतली पोलेत हेच करून बसलीय. तिचा नवरा घरी आला की तिला पाहुणा आल्यासारखं वाटतं, असं ती स्वतः सांगते. लग्नाला सोळा वर्षं झाली आमच्या. पोरं झाली नाहीत. एकमेकांशिवाय आम्हाला घरात दुसरं कोण आहे?

पण 'जाऊ नकोस' म्हणायचं कसं? कारखाना बंद झाल्यापासून साधं 'थोडा आराम कर' म्हटलं तरी त्याला वाटतं मी कीव करतेय. जाऊ नकोस म्हटलं तर म्हणेल, मग बायकोच्या जिवावर खाऊ का? म्हणून मला ट्रक हवा होता. ट्रकला दोन माणसं लागतात. मला काही म्हणावंच लागलं नसतं, पायऱ्यांनीच त्याला ठेवून घेतलं असतं.

आणि मामा आपला ट्रॅक्टर, ट्रॅक्टर करतोय. त्याचं बरोबर आहे, मला कळतं. दुसरं कारण माझ्याकडे नव्हतं, म्हणून लाल रंग सांगितला.

हे मामाला सांगायचं की नाही, ते तू ठरव.

तुझी,
ओदिल


व्हिक्टोरिया, २५ ऑक्टोबर १९९४

चि. ओदिल आणि जावईबापू रेनाल, दोघांस,

पाकिटावर मुद्दाम दोघांची नावं घातली आहेत. स्वयंपाकघरात समोरासमोर बसा आणि एकाने मोठ्याने वाचा. कोण वाचणार यावरून भांडू नका, ओदिल वाचेल.

मामीने मला काल सगळं सांगितलं. कानात नाही, कागदावर लिहून. वाचल्यावर मी बराच वेळ खिडकीत बसलो. बाहेर पाऊस होता, इथे दुसरं काही नसतंच.

जावईबापू, तुम्ही मला चोरून पत्र लिहिलंत. सांगू नका म्हणालात. मी सांगत नाही असं काही कबूल केलं नव्हतं, तुम्ही नुसतं मागितलं होतंत. तर आता सांगतो. ओदिल, पहिल्यांदा ट्रॅक्टर म्हटलं ते माझ्या मनाने, पण पुन्हा धोशा लावला तो तुझ्या नवऱ्याच्या सांगण्यावरून. तू थंडीत ट्रकखाली एकटी झोपशील या विचाराने त्याची झोप उडालीय. गॅरेजमध्ये बसून तो तुझ्या हाताच्या मापाचे पान्हे जमवतोय. त्याला वाटतंय की तुला तो नकोच आहे, सगळं एकटीने करायचंय.

आणि रेनाल, आता कान देऊन ऐका. तिला सगळं एकटीने करायचं नाहीये. तिला लाल ट्रक आवडला कारण त्यात तुमच्यासाठी जागा आहे. हे तुमच्या तोंडावर बोलायला ती घाबरतेय आणि मला चर्चच्या गोष्टी सांगतेय. तुम्ही दोघं एका टेबलावर जेवता आणि पाच हजार किलोमीटरवरच्या बहिऱ्याला मध्ये घालून बोलता. कमाल आहे तुमची!

एका माणसाचं मन राखायला यंत्र विकत घ्यावं लागत नाही. ओदिल, तोंड उघड. कागद खाली ठेव आणि सांग.

सांगितलंस? मग पुढचं वाचा.

ट्रॅक्टर घ्या की ट्रक, हे मी सांगणार नाही. मामी म्हणते माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडतंय. पण ट्रक घेतलात तर माझी सगळी घरं घेऊ नका. खालच्या गल्लीतली जोडघरं सोडा, तिथे बर्फ ठेवायला वीतभर जागा नाही. वरची रुंद अंगणाची तेवढी ठेवा. कमाई कमी होईल, ती कमीच होणार. पहिल्या बर्फापासूनच ढीग लांब ढकलत न्या. आळस करून जवळ ठेवलात तर गोठतो, मग हलत नाही. ट्रकच्या मागेही एक छोटं पातं लावून घ्या, गॅरेजच्या दारातला बर्फ ओढून बाहेर आणायला.

आणि पायऱ्या ज्याने करायच्या त्याला केबिनमध्ये शिरताना बूट झटकायला लावा. मामी कधी झटकत नसे. सात वर्षं माझे पाय ओले होते.

तुमचा,
आर्मांमामा


शिकुतिमी, १० नोव्हेंबर १९९४

प्रिय मामा, प्रिय मामी,

तुम्ही सांगितल्याप्रमाणे समोरासमोर बसलो. मी वाचायला लागले. पान्ह्यांपाशी आले तेव्हा रेनालचे कान लाल झाले. लाल ट्रकपाशी आले तेव्हा मी तीच ओळ दोनदा वाचली, तर त्याने कागद हातातून घेतला आणि पुढचं तो वाचायला लागला. 'तोंड उघड' पाशी थांबला. सूप उतू गेलं तरी कुणी उठलं नाही.

तो म्हणाला, "तू तर एका सीटचा ट्रॅक्टर माझ्यापुढे आणून ठेवलास."

"मामाने सांगितला म्हणून!"

"आणि त्यावरच ठाम राहा असं मामांना मी सांगितलं!"

मग आम्ही हसलो. हसता हसताच मी म्हणून टाकलं, जाऊ नकोस. किती दिवस घोकत होते, पण म्हणायला एक श्वासही लागला नाही. तो हसायचा थांबला. म्हणाला, "खाणीच्या कागदावर सही करून बसलोय गं." उठला, शेगडी पुसली, सगळी, कोपऱ्यांसकट, आणि गॅरेजमध्ये गेला. मामा, तेवढा वेळ मी कसा काढला ते माझं मला माहीत. मी पायऱ्या मोजत बसले, खरंच, मनातल्या मनात, मादाम ग्रावेलच्या जिन्याच्या.

परत आला तो फावडं घेऊन. दांडा नवीन बसवला होता, त्याच्या उंचीचा. म्हणाला, खाणीत उद्या फोन करतो, पगाराला चाट बसेल, चालेल का? मी म्हटलं, चालेल. चालेल की नाही हे आम्हा दोघांनाही माहीत नाही.

ट्रक घेतला. खालच्या गल्लीतली घरं दुसऱ्याला दिली. तिथल्या दोघी-तिघी बायका रागावल्या, आर्मांची भाची असून सोडून गेली म्हणाल्या. ते लागलं मला. पण मामा, त्या बोळात मी खरंच बर्फ कुठे ठेवला असता?

सात तारखेला सकाळी रेनाल घरी होता. पहिला बर्फ काल पडला.

ओदिल


शिकुतिमी, २१ फेब्रुवारी १९९५

आदरणीय मामा,

हे पत्र मी लिहितोय, कारण ओदिल म्हणते यंत्राचं जे चुकलं ते मीच कळवावं.

तुम्ही म्हणालात ते सगळं खरं झालं. ट्रक चुकीचंच यंत्र आहे. ढीग लांब नेत गेलो तरी महिन्याभरापूर्वी भिंती उभ्या राहिल्या. दोन घरी शेजारच्या गावातल्या माणसाचा ब्लोअर बोलवावा लागला. लापोइन्तच्या कुंपणाचा एक कोपरा गेला. तो ओदिलशी बोलत नाही, माझ्याशी बोलतो. पात्याची चेन दोनदा निघाली. ट्रकखाली मी झोपलो, ओदिलने दिवा धरला आणि वरून सूचना दिल्या, त्यांचा काही उपयोग झाला नाही.

कमाई तुम्ही म्हणाला होतात तशीच, कमी. मांस फक्त रविवारी. दुपारी मी लोकांच्या छपरांवरचा बर्फही उतरवतो. पुढच्या हिवाळ्यात ब्लोअर घेतल्याशिवाय चालायचं नाही, तेव्हा चांगल्या केबिनचा ट्रॅक्टर तुमच्या नजरेत असेल तर सांगा. पायऱ्या करणाऱ्याला आत बसता आलं पाहिजे. पायऱ्या मी करतो. मादाम ग्रावेलचा जिना एकोणीस पायऱ्यांचा आहे, ती वर उभी राहून मोजून घेते. बूट झटकतो.

काल बर्फ पडला नाही. रेडिओवर मोठं वादळ सांगितलं होतं, ते बाजूने निघून गेलं. आम्ही मात्र नेहमीच्या वेळी उठलो, थर्मास भरला, कोट घातले, बाहेर आलो तर वाट कोरडी. काहीच काम नव्हतं. ओदिल ट्रकमध्ये चढून बसली. मीही दुसऱ्या बाजूने चढलो. इंजिन चालू केलं नाही. कॉफी संपेपर्यंत तिथेच बसलो.

रेनाल